दारा शुकोहच्या हाती उपनिषदे कशी आली

१६५७ च्या पूर्वार्धात दिल्लीत, यमुनेकाठच्या निगमबोध महालात, शाहजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह काशीहून बोलावलेले पंडित आणि संन्यासी यांच्यासह उपनिषदे फारसीत आणत होता. सहा महिन्यांत पन्नासएक उपनिषदांचा अनुवाद पुरा झाला. ग्रंथाला नाव दिले 'सिर्र-ए-अकबर', म्हणजे सर्वांत मोठे रहस्य.

संस्कृत ग्रंथ फारसीत येणे मोगल दरबाराला नवे नव्हते. अकबराने १५८० च्या दशकात महाभारत 'रज्मनामा' म्हणून करवून घेतले होते. पण तिथे राज्यातल्या दोन समाजांना एकमेकांचे ग्रंथ कळावेत, हा हेतू मोठा होता. दाराला स्वतःसाठी काहीतरी हवे होते, आणि ते काय हे त्याने प्रस्तावनेत उघड लिहिले आहे.

दारा कादिरी पंथाचा सूफी. काश्मीरमध्ये मुल्ला शाह बदख्शी यांच्याकडून त्याने दीक्षा घेतली होती. ईश्वर एकच, हे तत्त्व त्याला शब्दांत नव्हे तर अनुभवात हवे होते. कुराणात ते बरेचसे सूचक भाषेत आहे, म्हणून त्याने तौरात (मोशेचा ग्रंथ), इंजील (येशूचे शुभवर्तमान) आणि जबूर (दाऊदची स्तोत्रे) वाचले. तिथेही ते त्याला थोडक्यात आणि गूढच वाटले. मग हिंदुस्थानात या तत्त्वाची एवढी चर्चा का चालते, हा प्रश्न त्याला पडला आणि तो उपनिषदांपाशी येऊन थांबला. कुराणाच्या ५६ व्या सूरेत एका सुरक्षित, झाकलेल्या ग्रंथाचा उल्लेख आहे, ज्याला शुद्ध असलेल्यांशिवाय कोणी स्पर्श करत नाही. तो ग्रंथ म्हणजे उपनिषदेच, असे दाराने ठामपणे मांडले. बहुतेक उलेमांना, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांना, हा अर्थ मान्य होणे शक्य नव्हते. पण त्याची दिशा बघा. उपनिषदे वाचायला त्याने कुराण खाली ठेवले नाही. कुराणातलीच एक आयत समजून घ्यायला तो तिथवर गेला.

त्याआधी, १६५६ मध्ये, योगवासिष्ठाचा, म्हणजे वसिष्ठांनी रामाला केलेल्या उपदेशाच्या ग्रंथाचा, फारसी अनुवाद त्याने करवून घेतला. त्याच्या प्रस्तावनेत एक स्वप्न आहे. वसिष्ठ आणि रामचंद्र दाराला दिसतात. वसिष्ठ त्याच्या पाठीवर हात ठेवतात आणि रामाला सांगतात, हा सत्याच्या शोधातला तुझा भाऊ, याला आलिंगन दे. राम त्याला पोटाशी धरतो, मग आपल्या हाताने मिठाई भरवतो. दाराच्या साऱ्या तात्त्विक लेखनापेक्षा मला हा मजकूर अधिक मोलाचा वाटतो. दुसऱ्याच्या ग्रंथातून नुसते ज्ञान घेता येते, पण तिथे नाते जडायला माणूस आतून हललेला असावा लागतो.

त्याच सुमारास योगवासिष्ठाचे सार व्रजभाषेत आणणारे कवींद्राचार्य सरस्वती शाहजहानच्या दरबारात मानाचे होते. ते मूळचे गोदातीरावरचे, पुढे काशीत स्थायिक झालेले ऋग्वेदी संन्यासी. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर बादशहाकडून त्यांनी माफ करवून घेतला, तेव्हा पंडितांनी त्यांच्यावर स्तुतिकाव्ये रचली.

दाराच्या वाचनात दोष आहेत. ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणजे जिब्राईल, मिकाईल, इस्राफील हे इस्लाममधले देवदूत, अशी जोडणी त्याने आपल्या आधीच्या 'मज्म-उल-बहरैन' या ग्रंथात केली होती. ती आज फार सरळधोपट वाटते. उपनिषदांच्या अनुवादातही शांकरभाष्यातले स्पष्टीकरण जागोजागी मूळ वचनात मिसळले आहे. यज्ञकर्माचा संदर्भ मागे पडतो आणि अद्वैत तेवढे पुढे येते. त्याला जे दिसायला हवे होते, तेच त्याला अधिक दिसले, हा आक्षेप खराच आहे.

अनुवाद पुरा झाला आणि काही महिन्यांतच शाहजहान आजारी पडला. वारसायुद्ध पेटले, १६५८ मध्ये सामूगढला दारा हरला आणि १६५९ मध्ये त्याला मारण्यात आले. सिंहासन हे मूळ कारण होते, पण आरोप धर्मभ्रष्टतेचा ठेवला गेला. औरंगजेबाच्या दरबारी इतिहासात दाराच्या अंगठीवर नागरी अक्षरांत 'प्रभु' कोरल्याची तक्रार आहे.

ग्रंथ मात्र टिकला. १७७५ मध्ये अवधच्या दरबारातला फ्रेंच अधिकारी जाँतील याने त्याची एक प्रत पॅरिसला आंकेतील-द्युपेराँकडे पाठवली. पारशी धर्मग्रंथ अवेस्ताचा फ्रेंच अनुवाद करणारा हा विद्वान सुरतेला पारशी दस्तुरांकडे शिकलेला होता. त्याने फारसीवरून लॅटिन केले, आणि तेही फारसीच्या वाक्यरचनेला धरून. 'औपनेखत' या नावाने त्याचे दोन खंड १८०१-०२ मध्ये निघाले. ती अवघड लॅटिन १८१४ मध्ये वायमारच्या ग्रंथालयातून जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरने वाचायला नेली. हे पुस्तक माझ्या आयुष्याचे सांत्वन ठरले आणि मरणाचेही ठरेल, असे त्याने उतारवयात लिहिले. संस्कृतातून फारसी आणि फारसीतून लॅटिन, अशा दोनदा बदललेल्या मजकुरातूनही त्याला हे मिळाले, याचे मला मनापासून नवल वाटते.

दाराच्या संग्रहातल्या बाष्कल, छागलेय, आर्षेय आणि शौनक या उपनिषदांची संस्कृत संहिता पुढे दीर्घकाळ अभ्यासकांना मिळत नव्हती. युरोपात ती लॅटिनवरूनच वाचली जात. अखेर मद्रासजवळच्या अड्यार ग्रंथालयात त्यांचे हस्तलिखित मिळाले, आणि पुण्याच्या श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी १९२५ मध्ये ही चारही उपनिषदे अनुवादासह प्रसिद्ध केली.