"त्यापेक्षा नवीनच घ्या ना सर" इथपर्यंत आपण आलो कसे

टीव्ही चार वर्षांचा, वॉरंटी कधीच संपलेली, कंपनीचा माणूस घरी येतो, रिमोटने दोन बटणं दाबून बघतो, मागचं कव्हर उघडायच्या आधीच पॅनल, म्हणजे स्क्रीनच, गेलंय म्हणून मोकळा होतो, आणि एस्टिमेट येतं ते जवळपास नव्या टीव्हीएवढं, वर व्हिजिट चार्ज वेगळा आणि जीएसटी आहेच. मग ते ठरलेलं वाक्य, त्यापेक्षा नवीनच घ्या ना सर. यात सगळा दोष त्या माणसाचा नाही हे आधीच सांगतो, त्याला वरून जे पार्ट मिळतात तेच तो बदलणार. गोष्ट बरीच जुनी आहे.

१९८२ च्या एशियाडच्या वर्षी आपल्याकडे कलर टीव्ही आला आणि पुढच्या काही वर्षांत ओनिडा, व्हिडिओकॉन, बीपीएल, वेस्टन, क्राऊन अशा ब्रँडची रांगच लागली. यातले बरेच सेट बाहेरून आणलेल्या किटवर जोडलेले असायचे, त्यामुळे आत खूपसा माल सारखाच. ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, एलओटी (पिक्चर ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर), सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सुटं मिळायचं. सर्किट डायग्रामची पुस्तकंही मिळायची, त्याआधीच्या रेडिओत तर डायग्राम कधी कधी आतच चिकटवलेला असायचा. म्हणजे माहिती बाहेर, पार्ट बाहेर, आणि कारागीर गल्लीच्या तोंडाशी. तेव्हा सगळं सोन्यासारखं होतं असं अजिबात म्हणायचं नाही, मेकॅनिक चांगला पार्ट काढून जुना टाकायचे, सेट महिना महिना दुकानात पडायचा, पण रेट पटला नाही तर दुसरं दुकान होतं हे महत्त्वाचं.

१९९१ नंतर बाजार खुला झाला, कोरियन कंपन्या आल्या, आणि त्यांनी स्वतःचं सर्व्हिस नेटवर्क आणलं. सुरुवातीला लोक खूश होते आणि ते बरोबरच होतं, युनिफॉर्ममधला माणूस, छापील बिल, दिलेल्या वेळेत येणं, हे सगळं नवीन होतं. याच काळात आतला माल पण बदलत गेला. सुटे पार्ट जाऊन बोर्ड आले, पिक्चर ट्यूब जाऊन एलसीडी-एलईडी पॅनल आलं, आणि टीव्हीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा एकट्या पॅनलचा झाला. ते गेलं की हिशोबच संपला.

आता इथे एक गंमत आहे. आवाज येतोय पण चित्र नाही, ही एलईडी टीव्हीची अगदी नेहमीची तक्रार. खोलीत अंधार करून स्क्रीनला तिरका टॉर्च लावून बघा, चित्र पुसट दिसलं तर पॅनल बहुतेक ठीक आहे, मागून उजेड देणाऱ्या बॅकलाइटच्या पट्ट्या गेल्यात. गल्लीतला पोरगा त्या पट्ट्या बदलतो, पॅनलच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही. काम मात्र जोखमीचं, मोठी काच उचलताना कडेच्या नाजूक रिबनला धक्का लागला की स्क्रीनवर उभ्या रेघा, आणि मग खरंच पॅनल गेलं. कंपनीला ही जोखीम नको असते, अख्खा मॉड्यूल बदलणं तिला सोपं. वेळ तिचा वाचतो, पैसे आपले जातात.

इथपर्यंत निदान तांत्रिक कारण तरी होतं. पुढे काही कंपन्यांनी बाहेरच्या कारागिराचा रस्ताच अडवला. ॲपलचं "एरर ५३" प्रकरण आठवत असेल, बाहेर होम बटण बदललं आणि नंतर सॉफ्टवेअर अपडेट केलं की आयफोन बंदच, त्यावरून २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. त्याच्या आदल्या डिसेंबरात, बॅटरी जुनी झाली की फोन मुद्दाम स्लो केला जातो हे कंपनीला कबूल करावं लागलं, आणि ओरड झाल्यावर अमेरिकेत बॅटरी बदलायचा रेट ७९ डॉलरवरून एकदम २९ वर आला. एका रात्रीत ५० डॉलर कमी होऊ शकतात तर आधीचा रेट कशाचा होता हे ज्याचं त्याने समजावं. नंतर पार्टला सिरियल नंबर जोडायची पद्धत आली, ओरिजिनल स्क्रीन दुसऱ्या ओरिजिनल फोनमधून काढून लावली तरी काही फीचर बंद. हे थांबवायला अमेरिकेत ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये कायदा केला.

भारतात या दुखण्यावर सगळ्यात मोठा दणका बसला तो गाड्यांच्या बाबतीत. ऑगस्ट २०१४ मध्ये बाजारातल्या मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड लावला, कारण स्पेअर पार्ट आणि रिपेअरची माहिती त्या बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नव्हत्या. पुढे अपिलं वगैरे झालीच, पण मुद्दा रेकॉर्डवर आला, की गाडी एकदा विकत घेतली की गिऱ्हाईक अडकतं आणि मग पार्टचा रेट कंपनी म्हणेल तो. टीव्ही-फोनमध्ये वेगळं काय चाललंय?

तक्रार करायची सोय म्हणाल तर त्यात महाराष्ट्र मागे नव्हता, बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संघटना सुरू केली तेव्हा देशात ग्राहक कायदाच नव्हता, तो आला १९८६ मध्ये. नवा २०१९ चा, लागू जुलै २०२० पासून, त्यात आपण राहतो त्याच जिल्ह्यात केस टाकता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. निकाल ३ महिन्यांत, वस्तू लॅबमध्ये तपासायची असेल तर ५ महिन्यांत, असं कायद्यात लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा पडतात. म्हणून आठ-दहा हजाराच्या फोनसाठी कोणी जात नाही, आणि हे कस्टमर केअरला पक्कं माहीत असतं, तिकीट "रिझॉल्व्ह्ड" दाखवून बंद करायची हिंमत त्यातूनच येते. त्यापेक्षा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर बरा, तिथे तक्रार टाकल्यावर कंपनीकडून अचानक फोन येतो असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

राइट टू रिपेअरचं, म्हणजे आपली वस्तू हवी तिथे दुरुस्त करून घ्यायच्या हक्काचं, आपल्याकडे सरकारी पातळीवर सुरू झालं जुलै २०२२ मध्ये, केंद्राच्या ग्राहक खात्याने समिती नेमली, शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या अशी चार क्षेत्रं धरली, त्याच डिसेंबरात त्यासाठी पोर्टल निघालं. फ्रान्समध्ये तर २०२१ मध्येच फोन, लॅपटॉप, टीव्हीवर रिपेअर किती सोपं याचे दहापैकी मार्क छापणं सक्तीचं झालं, आणि पार्ट वस्तूच्या किमतीच्या मानाने किती महाग हेही त्या मार्कांत धरलं गेलं. तसाच मार्कांचा इंडेक्स आपल्याकडे आणायचा म्हणून आणखी एक समिती बसली, तिचा रिपोर्ट मे २०२५ मध्ये आला, सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून, मार्क कंपनीनेच ठराविक निकषांवर जाहीर करायचे. टीव्हीचा नंबर पहिल्या फेरीत नाही.