डार्क राइडचे नूतनीकरण

डार्क राइडचे नूतनीकरण : करमणूक उद्यानातील बंदिस्त, अंधाऱ्या इमारतीतून वा बोगद्यातून रुळांवरून अथवा पाण्यावरून जाणाऱ्या जुन्या राइडची दृश्ये, प्रकाश, ध्वनी आणि कथा बदलून ती पुन्हा सुरू करण्याची पद्धत. इमारत आणि मार्ग बहुधा तेच राहतात. मुलाबाळांसह येणारे कुटुंब हा मुख्य प्रेक्षक धरला, की भीती किती ठेवायची हा प्रश्न ओघाने येतो. डार्क राइडमध्ये प्रेक्षक बसून नेला जातो. पायी हिंडायच्या भूतबंगल्याला म्हणून ही संज्ञा लावत नाहीत.

डार्क राइडच्या उगमाबाबत एकवाक्यता नाही. एक मत लामार्कस थॉम्पसन यांच्या 'सीनिक रेल्वे'पर्यंत मागे जाते. अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे १८८७ च्या सुमारास सुरू झालेल्या या रेल्वेच्या बोगद्यात गाडी जवळ येताच चितारलेली दृश्ये उजळत. दुसरे मत पाण्यावरच्या 'ओल्ड मिल' प्रकाराला मान देते. तीत चक्राने ढकललेल्या प्रवाहावर होडी संथपणे बोगद्यातून जाई. अंधाराचा लाभ दृश्यांपेक्षा तरुण जोडप्यांनाच अधिक होई. बफेलो येथील १९०१ च्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनात फ्रेडरिक थॉम्पसन यांनी उभारलेली चंद्राची सफरही पूर्वज म्हणून सांगितली जाते. मात्र तिच्यातले यान जागच्या जागी डुलत असे आणि 'चंद्रा'वर उतरल्यावर प्रेक्षक पायीच फिरत, त्यामुळे तिचा समावेश ओढूनताणून केलेला वाटतो.

संज्ञेचा काटेकोर अर्थ घेतला, तर न्यू जर्सीतील ब्रिजटनच्या लिऑन कॅसिडी यांचा दावा अधिक भक्कम ठरतो. ओल्ड मिल बांधण्याचा खर्च झेपेना, तेव्हा त्यांनी पाण्याऐवजी एकाच रुळावर धावणारी विजेची छोटी गाडी वापरली. रूळ इतका वळणावळणाचा, की आतून बाहेर आलेल्या कोणा प्रवाशाने आपला प्रेट्झेल, म्हणजे पिळा घातलेला खारा पाव, झाल्याची तक्रार केली आणि तेच नाव कंपनीला मिळाले, असे सांगतात. कंपनीचा काळ साधारणपणे १९२८ पासून धरतात. गाड्यांच्या बाजूंना प्रेट्झेलच्या आकाराचे ओतीव लोखंडी तुकडे असत. शोभेबरोबरच वळणावर गाडीचा तोल राखायलाही त्यांचा उपयोग होई. इंग्लंडमध्ये हा प्रकार १९३० मध्ये ब्लॅकपूल येथे आला, तो 'घोस्ट ट्रेन' या नावाने.

नूतनीकरणाचा सर्वांत लांब आलेख बहुधा पेनसिल्व्हेनियातील केनीवुड उद्यानाच्या ओल्ड मिलचा आहे. १९०१ मध्ये सुरू झालेल्या या होड्यांच्या राइडला पनामा कालव्यापासून परीराज्यापर्यंत नाना रूपे मिळाली. १९७० च्या दशकात ती 'हॅरल्ड' नावाच्या विनोदी भुताच्या अड्ड्यावर येऊन ठेपली. २००४ मध्ये मुलांसाठी म्हणून बोगद्यात गारफिल्ड हे चित्रकथेतले मांजर आणले गेले. झगझगीत रंग आणि त्रिमितीय चष्मे असा तो थाट होता. २०२० मध्ये मांजर गेले, मूळ नाव परतले आणि वाइल्ड वेस्टमधल्या विनोदी सांगाड्यांसह राइड खुली झाली. म्हणजे कुटुंबांसाठी म्हणून एकदा भुताटकी काढली गेली आणि पुढे कुटुंबांसाठीच ती परत आली.

कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडची हिमगौरीची राइड हे अधिक चर्चिले गेलेले उदाहरण. उद्यानाबरोबरच, १७ जुलै १९५५ रोजी ती सुरू झाली. गाडीत बसलेला प्रवासी हाच हिमगौरी, अशी रचनाकारांची कल्पना होती. म्हणून आत तिचा पुतळाच नव्हता. प्रवाशांना मात्र हे उमगले नाही. चेटकीण पुन्हापुन्हा भेटते, मग हिमगौरी कुठे, असा प्रश्न येत राहिला. १९८३ च्या नूतनीकरणात तिचा पुतळा बसला आणि राइडच्या नावातच 'भीतिदायक' हा शब्द घालण्यात आला. पालकांना दिलेला इशारा म्हणून हा उपाय स्वस्त आणि प्रामाणिक म्हणावा लागेल. याच राइडच्या आरशाच्या दृश्यात राणी पाठमोरी उभी असे. गाडी समोर येई तोच आकृती गर्रकन वळे आणि राणीच्या जागी म्हातारी चेटकीण दिसे. वळणाऱ्या पुतळ्याची ही जुनीच युक्ती लहान मुलांना रडवायला पुरेशी होती.

फ्लॉरिडातील डिस्नी उद्यानातल्या १९७१ च्या आवृत्तीतही आधी हिमगौरी नव्हती. १९९४ च्या फेरबदलात ती अनेक दृश्यांत आली, परंतु २०१२ मध्ये राइडच बंद झाली. कॅलिफोर्नियातील राइड जानेवारी २०२० मध्ये बंद ठेवण्यात आली. महासाथीमुळे ती ३० एप्रिल २०२१ रोजीच नव्या नावाने उघडली. नावातला 'भीतिदायक' शब्द गेला; एलईडी अतिनील दिवे, लेझर प्रक्षेपण आणि नवा ध्वनी आला, आणि शेवट राजपुत्राच्या चुंबनाने हिमगौरी जागी होण्यावर नेला. राणी आणि चेटकीण मात्र राहिल्या. भीती कमी केली खरी, पण झोपलेल्या मुलीचे चुंबन तिच्या संमतीविना कसे, असा आक्षेप लगेच आला. सौम्य शेवटही वादातीत नसतो.

तांत्रिक बाजूने पाहता अशा कामात प्रकाशयोजनेचा वाटा मोठा असतो. अतिनील प्रकाशात चमकणारे रंग काळाने फिके पडतात, धूळ बसते, आणि जुन्या दिव्यांचा जांभळट उजेड भिंतींचे सांधे उघडे पाडतो. एलईडीने नेमका हवा तेवढाच भाग उजळता येतो. मार्ग बदलणे खर्चिक, म्हणून गाडी जिथे वळते तिथेच नवे दृश्य बसवावे लागते. जुन्या राइडची लय अशा रीतीने नकळत टिकते.

इंग्लंडमधील अल्टन टॉवर्स या उद्यानाची १९९२ ची झपाटलेली हवेली २००३ मध्ये लेझर बंदुकांनी नेम साधायची राइड झाली. २०२३ मध्ये बंदुका काढून तिला पुन्हा कथा देण्यात आली. नेमबाजीचा प्रकार महाराष्ट्रात खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातील अलीबाबाच्या राइडमध्ये आढळतो.