क्रोशाचे ब्लँकेट : टाका आणि लोकर यांची निवड

टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईने धाग्याचे फासे एकमेकांत ओवून विणलेले पांघरूण म्हणजे क्रोशाचे ब्लँकेट. दोन सुयांच्या विणकामात अख्ख्या ओळीचे टाके सुईवर असतात. क्रोशात एक टाका पुरा झाल्यावरच पुढचा सुरू होतो. म्हणून सुई निसटली तरी दोन-चार टाक्यांपलीकडे उसवत नाही आणि आगगाडीत किंवा दवाखान्याच्या बाकावर बसूनही हे काम करता येते. त्याच मापाच्या दोन सुयांच्या विणकामापेक्षा क्रोशाला धागा बराच जास्त लागतो, पण कापडही जाड होते. पांघरुणाला हा जाडपणा उपयोगी पडतो.

‘क्रोशे’ हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ लहान आकडा असा आहे. या कलेचे छापील नमुने १८२३ पासून सापडतात. त्यांपैकी आरंभीचे ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकातले आहेत. ब्लँकेटसाठी सर्वांत लोकप्रिय झालेला चौकोन म्हणजे ‘ग्रॅनी स्क्वेअर’. त्याचा एक जुना छापील नमुना १८८५ मध्ये ‘प्रेअरी फार्मर’ या अमेरिकन नियतकालिकात आला होता. उरल्यासुरल्या लोकरीचे चौकोन विणून जोडायचे, ही त्यामागची काटकसर. जुन्या लुगड्यांच्या गोधडीशी तिचे नाते कोणत्याही मराठी घरात सांगावे लागणार नाही. भारतात क्रोशाची लेस आंध्र प्रदेशातील नरसापूरला मोठ्या प्रमाणावर होते, पण ती सुती आणि नाजूक. ब्लँकेटशी तिचा संबंध नाही. ब्लँकेटच्या बाबतीत भारताचे नाव झाले ते ३१ जानेवारी २०१६ रोजी. त्या दिवशी चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे ब्लँकेट मांडून गिनीज विक्रम केला.

ऊब कशाने येते

पांघरूण स्वतः उष्णता तयार करत नाही, अंगाची उष्णता बाहेर जाण्याचा वेग कमी करते. हे काम मुख्यतः धाग्यांमध्ये आणि टाक्यांमध्ये अडकलेली हवा करते, कारण स्थिर हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. ती हलू लागली की मात्र ऊब तिच्याबरोबर निघून जाते. म्हणून जाड आणि फुगीर, पण आरपार भोके नसलेले कापड सर्वांत ऊबदार. वजनाचा ऊबेशी थेट संबंध नाही. बारीक सुईने करकचून विणलेले दोन किलोचे ब्लँकेट सतरंजीसारखे ताठ होते, अंगाला लपेटत नाही, आणि खांद्याजवळ राहिलेल्या फटीतून गारवा आत येतो. सैल हाताने विणलेले, सव्वा किलोचे फुगीर ब्लँकेट थंडीत त्याच्यापेक्षा सरस ठरू शकते.

जाळीदार ब्लँकेट थंडीला निरुपयोगी, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. उघड्यावर, वाऱ्यात ते कुचकामी असते, पण वरून साधी चादर घेतली तर जाळीच्या भोकांतली हवा कोंडली जाते आणि तेच ब्लँकेट चांगली ऊब देते. गोधडीतही थरांमधल्या हवेचा वाटा मोठा असतो.

टाके

मराठीत क्रोशाच्या टाक्यांना नेटकी नावे आहेत. साध्या फाशांची ओळ ती साखळी. सुईवर वेढा न घेता घातलेला बुटका टाका तो मुका खांब, एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका तो खांब, आणि या दोहोंच्या मधला तो अर्धा खांब. इंग्रजी नमुने वाचताना घोटाळा होतो तो अमेरिकन आणि ब्रिटिश नावांचा. अमेरिकन ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकन ‘डबल’ हा आपला खांब, आणि त्यालाच ब्रिटिश ‘ट्रेबल’ म्हणतात. खांबाचा नमुना चुकून मुक्या खांबाने विणला तर ब्लँकेट सुमारे निम्म्या लांबीचे आणि पायपुसण्याइतके घट्ट होते. ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द दिसला की नमुना अमेरिकन समजावा. ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाका सहसा नसतो.

निव्वळ मुका खांब हा सर्वांत घट्ट टाका. वारा अडवायला उत्तम, पण लवचीकपणा कमी आणि कामाचा वेग अगदी मंद. विणायचाच असेल तर लोकरीच्या वेष्टनावर सुचवलेल्या मापापेक्षा अर्धा-एक मिलिमीटर मोठी सुई घ्यावी. एक मुका खांब, एक साखळी असे आलटून पालटून विणून पुढच्या ओळीत साखळीच्या फटीत मुका खांब घातला, की त्याच टाक्याचा ‘मॉस’ होतो. टाके विटांच्या बांधकामासारखे एकाआड एक बसतात, भोके जवळजवळ राहत नाहीत आणि कापड मऊ पडते. पहिलेच ब्लँकेट विणणाऱ्याला मॉस किंवा अर्धा खांब सुचवावा. अर्ध्या खांबाची ओळ लवकर चढते, वेढ्याच्या जादा धाग्यामुळे ती थोडी गुबगुबीतही असते. नुसत्या खांबाचे ब्लँकेट सर्वांत झटपट होते. बहुतेक जण तेच विणतात आणि खांबांच्या मधल्या फटींतून गार लागते म्हणून नंतर हळहळतात.

कडाक्याच्या थंडीसाठी खास टाका म्हणजे ‘थर्मल’. यात मुका खांब घालताना टाक्याचा मागचाच धागा उचलतात. पुढच्या ओळीत तोच मागचा धागा आणि त्याच्या खालच्या ओळीत रिकामा राहिलेला धागा असे दोन्ही एकदम सुईवर घेऊन टाका पुरा करतात. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अशी दुमडून बसते आणि दुहेरी थराचे, दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे कापड तयार होते. सुरुवातीच्या काही ओळी वेड्यावाकड्या दिसतात, त्यामुळे पुष्कळ जण चुकले समजून उसवतात. तसे करू नये. चार-पाच ओळींनंतर वीण दिसू लागते. उणीव एवढीच की हा टाका लोकर भरमसाट खातो आणि काम मुंगीच्या पावलाने चालते. पूर्ण ब्लँकेटऐवजी मांडीवर घ्यायच्या लहान पांघरुणाला तो जास्त शोभतो.

‘वॉफल’ टाक्यात काही खांब नेहमीसारखे टाक्याच्या माथ्यावर न घालता आधीच्या ओळीतल्या खांबाच्या अंगाभोवती पुढून वेढून घालतात. हे वेढलेले खांब उठून दिसतात आणि त्यांच्यामध्ये चौकोनी खळगे पडतात. खळग्यांत हवा साचते, म्हणून वॉफल थर्मलइतका भरीव नसूनही चांगला ऊबदार असतो. टाक्यांची संख्या तीनच्या पटीत आणि वर दोन धरावी लागते. याच युक्तीने पुढून आणि मागून वेढलेल्या खांबांचे गट आलटून पालटून घेतले की टोपलीची वीण होते. ती वॉफलपेक्षाही जड. एकाच टाक्याच्या घरात पुन्हा पुन्हा वेढा घेऊन, लांब फासे ओढून, शेवटी सगळे एकत्र बंद करायचे अशा फुगऱ्या टाक्यात हवा भरपूर राहते, पण लांब फासे अंगठीत, बांगडीत अडकतात.

लांब सुईवर ओळीतले सगळे फासे उचलून परतीच्या वाटेवर एकेक उतरवण्याच्या पद्धतीला ट्युनिशियन क्रोशे म्हणतात. तिची वीण जाड व दाट असते आणि ब्लँकेटची कड वळून गुंडाळत राहते. सुई एक-दोन मिलिमीटर मोठी घेतल्याने आणि शेवटी बाजूने किनार विणल्याने हा दोष पुष्कळ कमी होतो.

लोकर

मराठी बोलण्यात विणायच्या कोणत्याही धाग्याला लोकर म्हणतात आणि खरी गफलत तिथेच होते. महाराष्ट्रातल्या बहुतेक दुकानांत ‘लोकर’ म्हणून मिळणारा गुंडा अ‍ॅक्रिलिकचा असतो. शंका असल्यास धाग्याचे बोटभर टोक कापून, चिमट्यात धरून जाळून पाहावे. मेंढीच्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक काळा मणी होतो.

मेंढीच्या लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी असतो, म्हणून दाबला तरी पुन्हा फुलतो आणि हवा धरून ठेवतो. तो बाष्पही शोषतो. सामान्य हवेत लोकरीत तिच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी असते. कापसात ८ आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये जेमतेम २. रात्री अंगातून निघणारा घाम लोकर मुरवून घेते, त्यामुळे तिच्याखाली चिकचिक होत नाही. अ‍ॅक्रिलिकखाली होते. दुसऱ्या बाजूने, अ‍ॅक्रिलिक हलके असते, स्वस्त असते, यंत्रात धुता येते आणि कसर त्याला तोंड लावत नाही. रोज वापरायच्या, मुलाबाळांच्या घरातल्या ब्लँकेटला ते वाईट म्हणता येणार नाही. चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ मात्र नको, कारण ठिणगी पडली की ते वितळून त्वचेला चिकटते; लोकर सहजी पेट घेत नाही. दोन्हींचे मिश्रण हा अनेकदा शहाणपणाचा मध्यम मार्ग असतो.

लोकर टोचते ही तक्रार तंतूच्या जाडीची आहे. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोके कातडीला बोचतात. मेरिनो मेंढीची लोकर बहुधा २४ मायक्रॉनच्या आत असते, म्हणून ती मऊ. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी आणि आखूड. तिचा सूत हाताने कातून मागावर घोंगडी विणतात आणि चिंचोक्याची खळ देतात. पावसात, रानात घोंगडीला तोड नाही, पण त्या सुताचे क्रोशाचे ब्लँकेट गालाला लावण्याजोगे होत नाही. अल्पाका या दक्षिण अमेरिकन प्राण्याची लोकर उत्तम ऊब देते, पण तिच्यात नागमोड कमी असल्याने ब्लँकेट ओघळून लांबते. मेंढीच्या लोकरीत मिसळलेली बरी. सुती धागा जड असतो आणि फारसा फुलत नाही. कडाक्याच्या थंडीला तो टिकत नाही, पण मुंबईच्या दमट हिवाळ्याला आणि रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीला तो पुरेसा आहे. ‘ब्लँकेट यार्न’ म्हणून मिळणारा मखमली शेनील हाताला लोभस, ऊबेलाही चांगला. पण त्यात टाके डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी चाचपून मोजावे लागतात.

जाडीसाठी अमेरिकेतील क्राफ्ट यार्न कौन्सिलची ० ते ७ ही क्रमवारी बऱ्याच ठिकाणी चालते. ब्लँकेटला ४ क्रमांकाची मध्यम लोकर आणि ५.५ ते ६.५ मिलिमीटरची सुई ही जोडी सर्वांत सोयीची. ५ क्रमांकाला ६.५ ते ९ मिलिमीटरची सुई लागते. काम भराभर होते, पण वजन वाढते. भारतीय वेष्टनांवर ‘प्लाय’ लिहिलेले असते. त्यातून पदरांची संख्या कळते, जाडी नेमकी कळत नाही. बारीक लोकर दोन पदरी धरून विणणे हा त्यावर सोपा उपाय, आणि दोन रंगांचे पदर एकत्र धरल्यास तिसरीच छटा मिळते.

टाका आणि लोकर यांची सांगड घालताना एक ठोकताळा कामी येतो : लोकर फुलणारी असेल तर टाका साधा ठेवावा, लोकर चपटी आणि गुळगुळीत असेल तर उठावाचा टाका घ्यावा. सुती धाग्यात वॉफल खुलतो. केसाळ मोहेरमध्ये, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या धाग्यात, तोच टाका दिसतसुद्धा नाही, मेहनत वाया जाते.

लोकरीचा हिशेब

निवडलेल्या टाक्याचा १५ × १५ सेंटिमीटरचा तुकडा आधी विणून, धुऊन, वाळवून तोलावा. समजा तो ११ ग्रॅम भरला. १२० × १५० सेंटिमीटरच्या ब्लँकेटमध्ये असे ८० तुकडे बसतात, म्हणजे ८८० ग्रॅम लोकर लागेल. किनारीसाठी आणि चुकांसाठी १० टक्के वाढवले की ५० ग्रॅमचे २० गुंडे होतात. तोच तुकडा थर्मल टाक्यात १८ ग्रॅम भरला, तर १,४४० ग्रॅमची तयारी हवी. सगळे गुंडे एकदमच घ्यावेत आणि वेष्टनावरचा रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा, क्रमांक जुळतो का ते पाहावे. एकाच रंगाच्या दोन घाण्यांतला फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, अंगणात उन्हात पसरल्यावर पट्टा उठून दिसतो.

सुरुवातीची साखळी एक माप मोठ्या सुईने घालावी, नाहीतर खालची कड आवळते आणि ब्लँकेट गळा दाबलेल्या पिशवीसारखे दिसते.

बाळासाठी

बाळंतविड्यात टोपडे, मोजे, दुपटे यांच्याबरोबर क्रोशाची लहान शाल किंवा ब्लँकेट देण्याची हौस महाराष्ट्रात अजून आहे. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला किंवा युरोपात निघालेल्या आजीच्या बॅगेतही ते असते. यासाठी मऊ मेरिनो, बाळांसाठीचे अ‍ॅक्रिलिक किंवा सुती धागा घ्यावा. मोहेरसारखी तंतू सुटणारी लोकर टाळावी, आणि वीण अशी असावी की तिच्यात बोटे अडकणार नाहीत. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या सूचनेनुसार वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सुटे पांघरूण ठेवू नये. तेव्हा हे ब्लँकेट मांडीवर, बाबागाडीत, मोठ्यांच्या डोळ्यांसमोर वापरायचे.

निगा

मेंढीची लोकर गरम पाण्यात चोळली की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून ती नमद्यासारखी (लोकर दाबून केलेल्या जाड कापडासारखी) घट्ट होते आणि आकसते. मग काही उपाय चालत नाही. कोमट पाण्यात, सौम्य साबणात बुडवून, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढावे आणि सपाट पसरून सावलीत वाळवावे. दोरीवर टाकले तर ओल्या वजनाने लांबते. सुती ब्लँकेटचेही तसेच. अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री फिरवू नये. वाफेने त्याचा फुगीरपणा कायमचा जातो आणि त्याबरोबर ऊबही.

पावसाळ्यापूर्वी लोकरी ब्लँकेट धुऊन, ऊन दाखवून, घडी घालून ठेवावे. कसरीची अळी मळलेल्या, घाम मुरलेल्या लोकरीवर अधिक पडते. घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबराच्या गोळ्या घालण्याची पद्धत आहे. गोळ्या लोकरीला थेट न लावता कापडात बांधून ठेवतात, आणि बाळाच्या ब्लँकेटजवळ त्या अजिबात ठेवत नाहीत.