जुनी गाडी देऊन नवीन घेताय? सही करायच्या आधी सेल्स टॅक्सचा हा हिशोब बघा

नमस्कार मंडळी. आमचं ऑफिस न्यू जर्सीत आहे, टॅक्स रिटर्न आणि हिशोबाची कामं करतो, आणि दरवर्षी पाडवा आणि दसरा जवळ आला की आम्हाला एकच फोन सारखा येतो, "नवीन गाडी घेतोय, जुनी डीलरला देऊ की बाहेर विकू?" फोनवर दरवेळी घाईघाईत सांगावं लागतं आणि अर्धं राहून जातं, म्हणून यावेळी नीट लिहूनच काढलंय. घरात ठेवा, गाडी घेणाऱ्या मित्राला द्या.

आधी मूळ गोष्ट. भारतात आपण एक्सचेंजमध्ये गाडी देतो तेव्हा नवीन गाडीच्या पूर्ण किमतीवरच जीएसटी लागतो, जुन्या गाडीचे पैसे टॅक्स लागून झाल्यावर वजा होतात. त्यामुळे आपल्या डोक्यात तेच बसलेलं असतं की टॅक्स आणि जुनी गाडी यांचा काही संबंध नाही. इथे न्यू जर्सीत संबंध आहे आणि चांगला मोठा आहे. जुनी गाडी डीलरला ट्रेड-इन दिली तर तिची किंमत आधी वजा होते आणि उरलेल्या रकमेवरच ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स लागतो.

आकडे मांडून बघू. नवीन गाडी ३८,००० डॉलरची, जुनीचे डीलर १५,००० देतोय. टॅक्स लागणार २३,००० वर, म्हणजे १,५२३ डॉलर ७५ सेंट. हीच जुनी गाडी तुम्ही बाहेर विकली आणि नवीन वेगळी घेतली तर टॅक्स पूर्ण ३८,००० वर, म्हणजे २,५१७ डॉलर ५० सेंट. फरक ९९३ डॉलर ७५ सेंटचा. म्हणजे डीलरचे १५,००० हे तुमच्यासाठी खरं तर १५,९९४ च्या आसपास आहेत, फक्त तो आकडा कागदावर कुठे एकत्र लिहिलेला दिसत नाही, म्हणून माणूस फसतो.

मी स्वतः २०१४ मध्ये यात चुकलोय. डीलर जुन्या गाडीचे ५,८०० देत होता, ओळखीतल्या एकाने ६,००० सांगितले, मला वाटलं २०० जास्त मिळतायत, दिली विकून, आठ दिवसांनी नवीन घेतली. तेव्हा टॅक्स ७ टक्के होता. ५,८०० वर ७ टक्के म्हणजे ४०६ डॉलर टॅक्स वाचला असता, म्हणजे हातात २०० जास्त घेऊन मी ४०६ घालवले, वर शनिवार-रविवार लोकांना गाडी दाखवण्यात गेले ते वेगळंच. तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि टॅक्सचं काम करणाऱ्या माणसाला हे माहीत नसावं याचं मला फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला हा हिशोब करायला लावतो.

हिशोब अगदी सोपा आहे, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. डीलरने सांगितलेल्या ट्रेड-इनच्या रकमेला १.०६६२५ ने गुणा. बाहेरचा माणूस त्यापेक्षा जास्त देत असेल तर खुशाल बाहेर विका, कमी देत असेल तर डीलरला द्या. वरच्या उदाहरणात बाहेर १५,७०० मिळत असतील तरी डीलरकडेच जवळजवळ ३०० डॉलर फायदा आहे, पण बाहेर १६,५०० मिळत असतील तर बाहेरच विकलेली बरी. हल्ली ऑनलाइन कंपन्या दहा मिनिटांत ऑफर देतात, ती आधी घेऊन ठेवा, आठवडाभर साधारण चालते, आणि डीलरसमोर ठेवा. बऱ्याचदा तो तेवढेच द्यायला तयार होतो आणि मग टॅक्सचा फायदा वर मिळतो. ही सगळ्यात चांगली वाट, आम्ही तीच सुचवतो.

आता लक्षात ठेवायची मुख्य अट. जुनी देणं आणि नवीन घेणं एकाच डीलरकडे, एकाच व्यवहारात झालं पाहिजे. "जुनी त्याच डीलरला गेल्या महिन्यात विकली, चेक घेतला, आता नवीन घेतोय" असं चालत नाही, तो वेगळा व्यवहार झाला. २०२५ चा गुढीपाडवा रविवारी आला होता, आणि न्यू जर्सीत रविवारी कायद्यानेच गाडीची विक्री बंद असते, त्यामुळे त्या आठवड्यात बऱ्याच लोकांची धावपळ झाली. मुहूर्त सांभाळायचा असेल तर सांभाळा, आम्हीपण सांभाळतो, पण मुहूर्तासाठी जुनी गाडी आधीच घाईघाईने काढून टाकू नका. पाडवा रविवारी असला तर दोन्ही गाड्यांचे कागद शनिवारी एकत्र करा आणि रविवारी घरी पूजा करा.

डीलरच्या टेबलावर काय होतं ते सांगतो. सेल्समन एक कागद पुढे सरकवतो, त्यावर चार चौकोन, एकात नवीनची किंमत, एकात जुनीची, एकात डाऊन पेमेंट, एकात महिन्याचा हप्ता, आणि सगळं बोलणं हप्त्यावर आणतो, "महिना किती जमेल सर?" हप्त्यावर बोलू नका. बायर्स ऑर्डर, म्हणजे सौद्याचा पूर्ण हिशोब असलेला कागद, छापून मागा आणि त्यात गाडीची किंमत, डीलरचं डिस्काउंट, ट्रेड-इन, मग टॅक्स लागणारी रक्कम, मग टॅक्स, अशा वेगवेगळ्या ओळी आहेत का ते बोट ठेवून वाचा. टॅक्स लागणाऱ्या रकमेतून ट्रेड-इन वजा झालेलं दिसलं पाहिजे. नुसतं खाली शेवटी वजा केलेलं असेल तर टॅक्स पूर्ण किमतीवर लागलाय, तिथेच थांबवा आणि दुरुस्त करून घ्या, नंतर परत मिळवायला फार कटकट होते.

लोन बाकी असलेल्या गाडीबद्दल खूप जणांचा गैरसमज आहे. समजा जुनीवर ९,००० बाकी आहेत आणि डीलर १५,००० देतोय, तर हातात ६,००० च येतात, पण टॅक्स कमी करायला पूर्ण १५,००० धरतात, ६,००० नाही. डीलर कधी कधी फक्त ६,००० वजा करून टॅक्स लावतो, चुकून असेल, पण पैसे तुमचे जातात. बँकेचं पे-ऑफ लेटर, म्हणजे किती लोन बाकी आहे ते सांगणारं पत्र, सोबत न्या म्हणजे वाद होत नाही. आणि टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, नाव कोणाचं आहे तेही आधी बघून ठेवा. जुनी गाडी भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर आणि नवीन तुमच्या नावावर असेल तर अडचण येते, आधी विचारा.

लीजची, म्हणजे ठराविक मुदतीसाठी भाड्याने घेतलेली गाडी असेल तर ती तुमची नाही, ती परत करणं म्हणजे ट्रेड-इन नव्हे. लीज संपताना गाडीची बाजारातली किंमत बाय-आउटपेक्षा, म्हणजे ती विकत घ्यायला ठरलेल्या रकमेपेक्षा, जास्त असेल तर मात्र आम्हाला आधी फोन करा, कंपनीप्रमाणे नियम वेगळे आहेत आणि तिथे कधी कधी चांगले पैसे सुटतात.

रिबेट आणि डिस्काउंट यातला फरक. डीलरने स्वतःच्या खिशातून १,५०० कमी केले तर टॅक्स लागणारी रक्कम कमी होते, साधारण ९९ डॉलर टॅक्स वाचतो. पण गाडी बनवणाऱ्या कंपनीने १,५०० चा रिबेट दिला तर न्यू जर्सीत टॅक्स रिबेटच्या आधीच्या किमतीवरच लागतो. रिबेट घ्याच, सोडू नका, फक्त दोन्ही एकच आहेत असं समजून हिशोब करू नका.

इलेक्ट्रिक गाडीवर इथे पूर्वी टॅक्स माफ होता, ते आता संपलंय. १ ऑक्टोबर २०२४ पासून अर्धा लागायला लागला आणि १ जुलै २०२५ पासून पूर्ण ६.६२५ टक्के. फेडरलचं ७,५०० डॉलरचं क्रेडिटही ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना नाही. जुन्या व्हॉट्सॲप मेसेजवर विसंबून गाडी बुक करू नका. म्हणजेच इलेक्ट्रिक घेणाऱ्यांनाही आता ट्रेड-इनचाच आधार आहे.

"एलिझाबेथ शहरात अर्धा सेल्स टॅक्स असतो ना, मग गाडी तिथून घेऊ" हेही दर महिन्याला कोणीतरी विचारतं. फर्निचर तिथून घ्या, पण गाड्यांना ती सवलत लागू नाही. तसंच डेलावेअरला सेल्स टॅक्स नाही म्हणून तिथून गाडी आणली तरी रजिस्ट्रेशन न्यू जर्सीत करताना इथला टॅक्स भरावाच लागतो, कारण टॅक्स गाडी जिथे रजिस्टर होते तिथला. सेल्स टॅक्स नसलेल्या मोंटानात कंपनी उघडून गाडी तिच्या नावावर घ्या असं सांगणारे ऑनलाइन भेटतात, त्यांच्या नादी लागू नका, टॅक्स, दंड, व्याज सगळं तुमच्याच गळ्यात येतं. मित्राकडून गाडी घेताना टायटलवर कमी किंमत लिहायचं सुद्धा आम्ही कोणाला सांगणार नाही, ती खोटी कागदपत्रं झाली, आणि व्हिसावर असलेल्या माणसाने तर त्या भानगडीत अजिबात पडू नये.

दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांना हे पत्रक पाठवत असाल तर एवढं सांगा की नियम राज्याप्रमाणे बदलतो. न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, टेक्सास इथे ट्रेड-इन वजा होतं. कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियात होत नाही, पूर्ण किमतीवर टॅक्स. मिशिगनमध्ये वजा होतं पण मर्यादा आहे, २०२५ साठी ११,००० डॉलर होती आणि ती दरवर्षी १,००० ने वाढते. कॅलिफोर्नियावाल्यांनी एक गोष्ट पक्की धरावी, डीलर म्हणाला "जुनीचे १,००० जास्त देतो" तर त्याला सांगा जुनीचे जास्त नको, नवीनचे १,००० कमी कर. न्यू जर्सीत दोन्ही सारखंच पडतं, पण तिथे नवीनची किंमत उतरली तरच टॅक्स उतरतो, अगदी सगळ्यात कमी ७.२५ टक्के दराने धरलं तरी ७२ डॉलर ५० सेंट.

रिटर्नमध्ये काय मिळतं ते थोडक्यात. शेड्यूल ए, म्हणजे एकेक खर्च दाखवून उत्पन्नातून वजा करायचा फॉर्म, भरणाऱ्यांना राज्याचा इन्कम टॅक्स किंवा सेल्स टॅक्स यातलं एकच घेता येतं, आणि सेल्स टॅक्स निवडला तर गाडीवरचा टॅक्स आयआरएसच्या टेबलच्या रकमेत वर मिळवता येतो. न्यू जर्सीत बहुतेकांना इन्कम टॅक्सच फायद्याचा पडतो, टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन इथे इन्कम टॅक्स नसल्यामुळे गाडीची पावती कामाची. नॉन-रेसिडेंट रिटर्न भरणाऱ्यांना सेल्स टॅक्स घेता येत नाही. शिवाय २०२५ ते २०२८ या वर्षांत नवीन, अमेरिकेत जोडणी झालेल्या गाडीच्या लोनचं व्याज १०,००० डॉलरपर्यंत उत्पन्नातून वजा होतं, एकट्याचं उत्पन्न १ लाख किंवा जोडप्याचं २ लाख डॉलरच्या वर गेलं की ते कमी होत जातं, जुन्या गाडीला आणि लीजला ते नाही. गाडीचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, रिटर्नमध्ये लिहावा लागतो, तेव्हा तो फोटो काढून ठेवा.

गाडी घ्यायच्या आधी बायर्स ऑर्डरचा फोटो आम्हाला पाठवलात तर आम्ही टॅक्सची ओळ तपासून देतो, जुन्या ग्राहकांना त्याचे पैसे लागत नाहीत. शनिवारी दुपारपर्यंत ऑफिस चालू असतं, फक्त सही करायच्या आधी पाठवा.