मोझार्टचं ‘नवं’ रिक्वियम: पूर्तता वेगळी, सादरीकरण वेगळं

मृतांसाठीच्या ख्रिस्ती प्रार्थनेच्या संगीताला रिक्वियम म्हणतात. ‘मोझार्टचं रिक्वियम, नव्या रूपात’ अशी एखाद्या समूहगायनाच्या मैफलीची जाहिरात आली की ठरलेला वाद सुरू होतो. एक जण चिडतो, मोझार्टच्या स्वरांना हात लावायचा अधिकार यांना कुणी दिला? दुसरा लगेच विचारतो, म्हणजे रॉबर्ट लेविनने पुरी केलेली आवृत्ती का? कार्यक्रमात गायक फक्त श्रोत्यांमधून चालत येणार असतात, सूर न् सूर जुनाच असतो, तरी हा वाद थांबत नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली ढकलल्या की दुसरं काय होणार!

मूळ कहाणी तुम्हाला ठाऊक असेलच. ५ डिसेंबर १७९१ ला मोझार्ट गेला तेव्हा रिक्वियम अपुरं होतं. ‘लाक्रिमोसा’ या भागाचे पहिले आठ बार (तालाची आवर्तनं) त्याच्या हातचे आहेत, तर ‘सांक्टुस’, ‘बेनेडिक्टुस’ आणि ‘आन्युस देई’ हे भाग त्याच्या हस्तलिखितात नाहीतच. ते काम त्याचा सहकारी झ्युसमायर याने पुरं केलं आणि आपण सहसा ऐकतो ती हीच आवृत्ती.

पूर्तता म्हणजे या रिकाम्या जागा कुणी आणि कशा भरल्या. हा कागदावरचा निर्णय असतो आणि तो डोळे मिटूनही ऐकू येतो. ‘लाक्रिमोसा’चा शेवट नीट ऐका. झ्युसमायरकडे ‘आमेन’ दोन स्वरसंघातांत आटोपतं. १९६० च्या सुमारास मोझार्टच्या हातचं एक टिपण उजेडात आलं. त्यात ‘आमेन’ची फ्यूग, म्हणजे एकच धून एकामागून एक आवाज उचलतात अशी रचना, सुरू करून सोडलेली दिसते. रॉबर्ट लेविनने १९९१ मध्ये सादर झालेल्या आपल्या पूर्ततेत ती फ्यूग पुरी केली. त्यामुळे जिथे भाग संपल्याची सवय असते तिथे एकामागून एक आवाज शिरत जातात. दुसरी खूण ‘सांक्टुस’च्या शेवटी येणाऱ्या ‘ओझान्ना’ची. झ्युसमायरने ती आधी डी मेजरमध्ये लिहिली आणि ‘बेनेडिक्टुस’नंतर तीच बी फ्लॅट मेजरमध्ये आणली. तिथल्या तिथे पट्टी अशी बदलणं मला आजही खटकतं. लेविन छोटा जोड देऊन डी मेजरला परततो आणि इथे तोच बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे.

सादरीकरण म्हणजे गायक कुठे उभे राहतात, हलतात की नाही, श्रोते खुर्चीत आहेत की गायकांच्या घोळक्यात. २०१२ मध्ये बर्लिनच्या रुंडफुंककोअर या गायकवृंदाने ब्राम्सचं जर्मन रिक्वियम असंच केलं. गायक श्रोत्यांमध्ये मिसळलेले होते आणि वाद्यवृंदाऐवजी एका पियानोवर चार हात होते. पियानोची कल्पना काही नवी नव्हती. १८७१ मध्ये लंडनलाही हे रिक्वियम वाद्यवृंदाविना, पियानोवर चार हातांनीच झालं होतं. शेजारच्या माणसाच्या छातीतून निघालेला अल्टो (स्त्रियांचा खालचा आवाज) कानाशी येतो तेव्हा ब्राम्सचे आतले आवाज पहिल्यांदा सुटे कळतात. असा बदल मला मनापासून आवडतो, कारण त्याने ऐकणं बदलतं.

इथवर फारसं कुणी अडखळत नाही. घोटाळा होतो तो मधे दुसरं संगीत घातलं जातं तेव्हा. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हांसच्या महोत्सवात रंगदिग्दर्शक रोमेओ कास्तेलुच्ची आणि संगीतदिग्दर्शक राफाएल पिशों यांनी मोझार्टचं रिक्वियम रंगमंचावर आणलं. गायकवृंद लोकनृत्यासारखा नाचत गात होता आणि मागे नामशेष झालेल्या प्राण्यांची, शहरांची, भाषांची नावं उमटत होती. रिक्वियमच्या भागांमधे मोझार्टच्याच इतर रचना आणि चर्चमधलं जुनं, साधं ग्रेगोरियन गायनही गुंफलेलं होतं. ‘बघा, संगीत बदललं, म्हणजे ही नवी पूर्तता’ असं इथे हमखास म्हटलं जातं. हे चूक आहे. दोन भागांच्या मधे ठेवलेली रचना रिक्वियममधली एकही अपुरी ओळ भरत नाही. ती उचलून बाजूला ठेवली तरी रिक्वियम जसंच्या तसं उरतं. लेविनची फ्यूग मात्र अशी उचलता येत नाही, कारण ‘लाक्रिमोसा’ तिच्यातच जाऊन संपतो. गुंफण हा क्रमाचा निर्णय आहे आणि तो सादरीकरणातच मोजायला हवा. कसोटी एकच: भागाच्या आतला बार बदलला का? बदलला नसेल तर पूर्ततेचा प्रश्नच येत नाही.

दोन्ही बदल एकत्रही येऊ शकतात. लेविनची आवृत्ती नाचत गाता येईल आणि झ्युसमायरची अगदी स्तब्ध उभं राहून. म्हणून ‘नव्या रूपात’ एवढंच छापणाऱ्या आयोजकांचा मला राग येतो. मेणबत्त्या आणि पडद्यावरचे ढग यांना तर मी सादरीकरणही म्हणणार नाही, कारण त्यांनी गाणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या जागेत काहीच हलत नाही. पूर्तता कुणाची आणि मांडणी कुणाची, हे कार्यक्रमपत्रिकेत दोन वेगळ्या ओळींत लिहा. पूर्तता झ्युसमायरची असेल तर तेही लिहा. निम्मं रिक्वियम त्या माणसाच्या हातून पुरं झालं आहे आणि त्याचंच नाव बहुतेक पत्रकांवर सापडत नाही.