रॉस–गझीबो ब्रिज

रोबॉटचे सॉफ्टवेअर रॉस आणि आभासी जग उभे करणारा सिम्युलेटर गझीबो यांच्यात संदेशांची ने-आण करणारा मुक्तस्रोत प्रोग्रॅम. रोबॉटचा कोड खऱ्या यंत्रावर चढवण्याआधी संगणकावर तपासता यावा, यासाठी तो वापरतात.

गझीबोची सुरुवात २००२ साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात अँड्र्यू हॉवर्ड आणि त्यांचे विद्यार्थी नेट केनिग यांनी केली. रॉसचे काम २००७पासून कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील विलो गॅरेज या रोबॉटिक्स संशोधन कंपनीत वाढले. तिथेच २००९ मध्ये जॉन श्यू यांनी रॉस आणि पीआर-२ हा रोबॉट गझीबोशी जोडला. जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था दार्पाच्या रोबॉटिक्स स्पर्धेची आभासी फेरी झाली, तेव्हा अ‍ॅटलास हा मानवाकृती रोबॉट गझीबोतच चालवला गेला.

जुन्या गझीबोत वेगळा ब्रिज नव्हता. सिम्युलेटरच्या पोटात बसणारे छोटे जोड-प्रोग्रॅम, म्हणजे प्लगइन, थेट रॉसचे संदेश पाठवत. पुढे गझीबो नव्याने लिहिला गेला. आधी त्याचे नाव इग्निशन होते, २०२२ मध्ये ते पुन्हा गझीबो झाले. या आवृत्तीची संदेशव्यवस्था स्वतःची, प्रोटोबफ या माहिती साठवण्या-पाठवण्याच्या मांडणीवर बेतलेली आहे. रॉसची नवी आवृत्ती रॉस २ हिचे संदेशप्रकार वेगळे आहेत आणि ते बहुतेकदा डीडीएस या संदेशवहनाच्या प्रमाणित माध्यमातून जातात. त्यामुळे मध्ये दुभाष्या लागला. जुन्या गझीबोचा आधार जानेवारी २०२५ मध्ये संपल्यापासून नव्या कामाला हाच मुख्य मार्ग उरला आहे.

ब्रिज एका बाजूच्या टॉपिकवर, म्हणजे संदेशांच्या नाव दिलेल्या वाहिनीवर, येणारा संदेश घेतो, त्यातील प्रत्येक रकाना दुसऱ्या बाजूच्या प्रकारात भरतो आणि तो पुढे पाठवतो. चाकांच्या रोबॉटला दिलेली वेगाची आज्ञा, म्हणजे ट्विस्ट, रॉसकडून गझीबोकडे जाते. त्यात सरळ वेग मीटर प्रतिसेकंदात आणि वळण्याचा वेग रेडियन प्रतिसेकंदात असतो. लेसरने अंतर मोजणाऱ्या लायडर या सेन्सरची मोजमापे उलट दिशेने येतात. कोणता टॉपिक, दोन्हीकडचे प्रकार कोणते आणि दिशा कोणती, हे ब्रिज सुरू करण्याच्या आज्ञेत किंवा यामेल या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून द्यावे लागते. दुहेरी दिशा लिहिणे सोपे वाटते, पण गरज नसताना ती टाळावी; कोणता संदेश कुठून निघाला हे शोधणे मग कठीण होते. कॅमेऱ्याची चित्रे जड असल्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र ब्रिज आहे.

या जोडणीत खरी कसोटी लागते ती वेळेची. आभासी जगाचे घड्याळ शून्यापासून सुरू होते आणि संगणकावर ताण पडला की भिंतीवरच्या घड्याळापेक्षा सावकाश चालते. म्हणून गझीबोचा क्लॉक टॉपिक रॉसकडे आणावा लागतो आणि प्रत्येक नोडला, म्हणजे रॉसमधील प्रत्येक चालत्या प्रोग्रॅमला, ‘यूज सिम टाइम’ हा पर्याय चालू करून द्यावा लागतो. एखादा नोड सुटला तर तो १९७०पासून मोजलेल्या संगणकाच्या वेळेचा शिक्का मारतो, तर लायडरच्या संदेशावर जेमतेम काही सेकंदांचा असतो. दोन्हींचा मेळ न बसल्याने नकाशा बनवणारा प्रोग्रॅम मोजमापे टाकून देतो. उलट पर्याय चालू आहे पण क्लॉक जोडलेला नाही, तर नोडचे घड्याळ शून्यावरच थांबते आणि त्या वेळेवर चालणारे टायमर कधीच वाजत नाहीत. रोबॉट हलत नाही, त्रुटीचा संदेशही दिसत नाही. नवशिक्याने कोडवर शंका घेण्याआधी ही दोन ठिकाणे बघावीत.

दुसरी अडचण पोहोच-हमीची. पाठवणारा ‘जमेल तसे’ पाठवत असेल आणि घेणारा ‘खात्रीने हवे’ म्हणत असेल, तर रॉस २ मध्ये त्यांची जोडणीच होत नाही. टॉपिक यादीत दिसतो, संदेश मात्र येत नाही. सेन्सरच्या चौकटीचे, म्हणजे त्याची मोजमापे कोणत्या जागेपासून व दिशेने धरायची ते सांगणाऱ्या अक्षांचे, नावही दोन्हीकडे सारखे असावे लागते. गझीबो हे नाव मॉडेल, भाग आणि सेन्सर यांची नावे जोडून बनवतो. रॉसमधील रोबॉटच्या वर्णनात ते बहुधा तसे नसते.

महाराष्ट्रात मुंबईच्या आयआयटीतील, रोबॉटिक्स शिकवणाऱ्या ई-यंत्र प्रकल्पाच्या स्पर्धांमध्ये रॉस आणि गझीबो वापरले गेले आहेत. यंत्र विकत घेण्याआधी शिकता येणे हा विद्यार्थ्यांसाठी मोठा लाभ आहे.

ब्रिज संदेश जसाच्या तसा पोहोचवतो. त्यातील मोजमापे वास्तवाला किती धरून आहेत, हे सिम्युलेटरमधील घर्षण, वस्तुमान आणि सेन्सरचा गोंगाट कसा भरला आहे यावर ठरते. खऱ्या रोबॉटवर जाताना ब्रिज बंद करतात, सिम टाइमचा पर्याय काढतात आणि त्याच नावांच्या टॉपिकवर मोटार व सेन्सर हाताळणारे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बोलू लागतात.