सतारीच्या मैफलीतला सांधा

सतारवादक तासभर एकच राग मांडतो. आधी तबल्याविना आलाप, म्हणजे रागाचा संथ विस्तार, मग लय धरून जोड, चिकारीच्या म्हणजे बाजूच्या उंच स्वराच्या तारा छेडत ‘झाला’, त्यानंतर विलंबित (संथ) गत, म्हणजे तालात बांधलेली रचना, आणि शेवटी द्रुत (जलद) गत. हा क्रम आता इतका पक्का झाला आहे की तो सतारीबरोबरच जन्मला असावा, असे वाटते. प्रत्यक्षात इथे दोन वेगळ्या परंपरा एकत्र आल्या आहेत.

आलाप, जोड, झाला हे बीनकारांचे, म्हणजे रुद्रवीणा वाजवणाऱ्यांचे, धन. धृपद या जुन्या गायनप्रकाराच्या आलापातली सावकाश, एकेका स्वराने होणारी बढत त्यांनी रुद्रवीणेवर जपली. गत मात्र सतारीची स्वतःची. अठराव्या शतकात दिल्लीच्या मसीतखाँ यांच्या नावाने जी विलंबित गत रूढ झाली, तिचे तारेवरच्या आघातांचे बोल ‘दिर दा दिर दा रा दा दा रा’ असे आठ मात्रांचे. ते दोनदा आले की सोळा मात्रांच्या तीनतालाचे आवर्तन भरते. गत बाराव्या मात्रेवरून उठते, म्हणून पाच मात्रांचा मुखडा, म्हणजे गतीचा सुरुवातीचा तुकडा, झाला की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येते. नवख्या श्रोत्याने एवढे जरी कानात बसवले, तरी लांबलचक वादनात तो हरवत नाही, कारण कितीही तोडे (मधले स्वरांचे तुकडे) घेतले तरी वादक अखेर या मुखड्यावरच परततो. द्रुत रजाखानी गत त्यानंतरची, लखनौकडची.

एकोणिसाव्या शतकात आलापासाठी सूरबहार हे सतारीच्याच जातीचे वाद्य पुढे आले. भोपळा मोठा, तारा जाड, आवाज खोल. इमदादखाँ यांच्या घराण्यात सूरबहारावर आलाप करून मग सतार हातात घ्यायची, असा रिवाज होता. दोन परंपरांमधला सांधा तेव्हा डोळ्यांना दिसत असे! विसाव्या शतकात सतारीनेच दोन्ही कामे अंगावर घेतली. रविशंकरांच्या सतारीवरच्या खर्जाच्या, म्हणजे खालच्या स्वरांच्या, जाड तारा त्यासाठीच होत्या.

जुन्या तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत. तेवढ्यात बढत कसली होणार? १९५५ साली सरोदवादक अली अकबर खाँ यांची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, अमेरिकेत निघाली आणि एका बाजूभर एकच राग ऐकता येऊ लागला.

तंतकारीची, म्हणजे तंतुवाद्यांच्या वादनाची, ही बढत पुढे बासरीवरही आली. बासरीला चिकारी नाही, मिंडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्यासाठी, ओढायला तार नाही. तरीही हरिप्रसाद चौरसियांनी आलाप-जोड फुंकेवर बसवला, तो मुंबईत अन्नपूर्णादेवींकडे शिकून. त्या स्वतः सूरबहार वाजवत.